११वी-१२वीच्या मुलांमधल्या ‘जर-तर’च्या धारणा: प्रश्नावली वाटू की नको?

सावळी_पाटी:

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशनाचं काम पाहते. विज्ञान शाखेचे ११वी-१२वी धरून २४० विद्यार्थी. बरेचसे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडचे, धरमपेठ-लक्ष्मीनगर भागात खोली करून राहणारे. सकाळी कॉलेज, दुपारून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचं (७२० गुणांची) कोचिंग, रविवारी टेस्ट.

कानावर येणारी वाक्यं ठरलेली आहेत. “पाचशेच्या खाली आले का घरी फोनच लावावासा वाटत नाही.” “डाउट विचारला तर सरांना वाटंन याला काहीच येत नाही.” “एक चॅप्टर राहिला म्हणजे अख्खी तयारीच वाया.” पुस्तकात याला अपकार्यी अभिवृत्ती म्हणतात. हा शब्द मुलांसमोर काढायची सोय नाही, म्हणून मी ‘जर-तरच्या धारणा’ म्हणते: जर अमुक झालं नाही, तर मी कोणीच नाही.

मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या परंपरेतली, अशा धारणा मोजणारी ४० वाक्यांची मापनी मराठीत करून शनिवारी सगळ्यांना वाटावी, ज्यांचे गुण जास्त येतील त्यांना वेगळं काढून बोलावं, असा विचार आहे. प्राचार्यांनाही ‘आकडा’ हवा आहे. विचारायचं ते असं: किती गुणांच्या वर धोका समजायचा? भाषांतर घरच्या घरी केलं तर चालेल का? मुलं सापडली की ४० मिनिटांच्या तासात नेमकं करायचं काय? आणि आपल्या हातातून पुढे कधी पाठवायचं?

मोजपट्टी:

ताई, शनिवारचा बेत जरा थांबवा. त्या मापनीबद्दल आधी.

वाइसमन आणि बेक यांनी १९७८ मध्ये ती मांडली, मूळची १०० वाक्यांची. तुमच्या हातात असलेलं ४० वाक्यांचं रूप त्यातूनच काढलेलं आहे. प्रत्येक वाक्याला ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा ७ पायऱ्या, त्यामुळे बेरीज ४० ते २८० च्या मध्ये कुठेतरी येते. बेरीज जास्त म्हणजे धारणा जास्त ताठर. यातली दहा वाक्यं उलट्या बाजूने मोजायची असतात. ते विसरलं की अख्खी बेरीज चुकते, आणि नवख्यांकडून हमखास विसरलं जातं.

किती गुणांच्या वर धोका? अशी रेघ नाहीच. ही रोगनिदानाची चाचणी नव्हे. एखाद्याची बेरीज १६० आली तर त्याला नैराश्य आहे असं होत नाही, आणि ९५ वाला सुखरूप आहे असंही नाही. शिवाय बेरजेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक परिपूर्णतेचा हट्ट, दुसरी लोकांच्या पसंतीची भूक. दोन मुलांची बेरीज सारखी येऊ शकते आणि दोघांवर करायचं काम पूर्ण वेगळं असू शकतं.

दुसरी अडचण वेळेची. या धारणा मन ठीक असताना गप्प बसतात आणि मन खाली गेलं की वर येतात. रविवारच्या टेस्टचा निकाल लागल्यावर सोमवारी मोजाल तर एक चित्र, दिवाळीच्या सुटीवरून आल्यावर दुसरं. म्हणजे दोन तुकड्या दोन वेगळ्या दिवशी मोजल्या तर तुलना करायला काहीच उरत नाही.

भाषांतराचं म्हणाल तर मराठीत ‘नाही’चा गुंता भयंकर होतो. उदाहरणादाखल मीच केलेलं वाक्य घ्या: “मदत मागणारा माणूस कमकुवत नसतो.” याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे नकाराला नकार. दहा मिनिटांनी थकलेलं पोरगं इथे हमखास उलटी खूण करतं. ‘बरंचसं सहमत’ आणि ‘किंचित सहमत’ यांतही फरक करता येत नाही, मग मधला रकाना धरून खालपर्यंत एकच रेघ ओढली जाते. घरच्या घरी केलेल्या भाषांतराला मापनी म्हणता येत नाही. एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत उलट भाषांतर करायचं, तज्ज्ञांनी दोन्ही ताडून पाहायचं, थोड्या मुलांवर करून पाहायचं, दोन आठवड्यांनी त्याच मुलांना परत देऊन उत्तरं किती टिकतात ते बघायचं. हे काही महिन्यांचं काम आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी कोणी करत असेल तर उत्तम, शनिवारसाठी नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हजेरी क्रमांक घालून वर्गशिक्षकांच्या हातून फॉर्म वाटला, तर ज्यांना सगळ्यांची पसंती हवी असते ती मुलं शिक्षकांना आवडेल अशीच उत्तरं भरणार. जे मोजायचंय तेच मोजणीत शिरून बसतं. २४० फॉर्म, एकेकाला ३ मिनिटं धरली तरी नुसती बेरीज करायला १२ तास. तेवढ्या वेळात १८ मुलांशी नीट बोलणं होईल.

खालची_पायरी:

वरच्या सगळ्याला दुजोरा. फॉर्म सोडा, कागद घ्या.

एका वेळी एक मूल आणि एक ताजा प्रसंग. दोन दिवसांच्या आतला असावा. महिनाभरापूर्वीचा घेतला की मूल प्रसंग सांगत नाही, त्यावरचं भाषण सांगतं. मग एकच प्रश्न फिरवून-फिरवून विचारायचा: “समजा तसं झालं. मग तुझ्या दृष्टीने त्याचा अर्थ काय?” प्रत्येक उत्तराखाली एक बाण काढून पुढचं उत्तर लिहायचं. कागदावर साधारण असं उतरतं:

७२० पैकी ४१२ आले.
↓ मागच्या वेळी ४५० होते, खाली चाललो.
↓ म्हणजे सिलेक्शन नाही होणार.
↓ म्हणजे घरच्यांचे पैसे पाण्यात.
↓ म्हणजे मी कोणत्याच कामाचा नाही.

शेवटच्या ओळीत परीक्षा राहिलेली नाही, माणसाची किंमत आली. तिथे थांबायचं. साधारण तीन ते पाच पायऱ्यांत हे होतं. त्याहून जास्त खणलं तर मूल तुम्हाला हवं ते बोलायला लागतं.

इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चूक करतात. “अरे, ४१२ काही वाईट नाहीत!” हे मुलाला पटत नाही, कारण त्याला कटऑफ तुमच्यापेक्षा पाठ आहे. सरकारी जागेसाठी ४१२ खरोखरच कमी पडू शकतात. वरच्या तीन पायऱ्यांत तथ्य असू शकतं, तिथे खोटा धीर द्यायचा नाही. वाद घालायचा तो फक्त शेवटच्या उडीशी: पैसे वाया जाणं आणि माणूस वाया जाणं या दोन गोष्टी एकच कशा झाल्या? “तुझ्या खोलीतल्या मित्राला ४१२ पडले असते तर त्याला हेच वाक्य तोंडावर म्हटलं असतं का? नाही, तर काऊन नाही?” हा प्रश्न चालतो, पण उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं. तुम्ही दिलंत तर तो फक्त मान डोलावेल.

दुसरी चूक घड्याळाची. तळाला पोचलो आणि तास संपल्याची घंटा झाली, असं कधी होऊ द्यायचं नाही. ४० मिनिटांतली शेवटची १० वर यायला राखून ठेवा. आणि तळाला “जगून तरी काय फायदा” अशा अर्थाचं काही आलं तर ही पद्धत तिथल्या तिथे बंद. पुढचं कोणीतरी लिहीलच.

आता मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेला भेद, जो मराठीत फार सोपा पडतो. ‘हवं’ आणि ‘हवंच’. आपल्याकडे सगळा हट्ट एका ‘च’मध्ये मावतो. “५५० आलेच पाहिजेत.” “सरांना मी आवडलोच पाहिजे.” “टॉपच्या बॅचमध्ये राहिलोच पाहिजे.” मुलाला त्याचीच पाच वाक्यं लिहायला लावायची, हट्टाच्या ‘च’भोवती गोल करायला सांगायचं आणि वाक्य ‘च’ काढून परत लिहायचं: “५५० यावेत अशी माझी फार इच्छा आहे. नाही आले तर मोठं नुकसान आहे, आणि पुढे काय करायचं ते ठरवावं लागेल.” नुकसान आहे हे वाक्यात राहू द्या. ते काढून “काही हरकत नाही” असं गुळमुळीत केलं की मूल हसतं आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. (प्रत्येक ‘च’ दोषी नसतो. “मी अभ्यासच करून राहिलो होतो” यातला बिचारा नुसता जोर देतो. व्याकरणाचा तास करू नका.)

पण नुसत्या लिहिण्याने धारणा हलत नाही, तिला प्रयोग लागतो. परिपूर्णतावाल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात चांगला प्रयोग नीटच्या पेपरमध्येच आयता आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४, चुकीला वजा १. ‘हातात घेतलेला प्रश्न सोडायचा नाही’ हा नियम असलेलं मूल फिजिक्सच्या एका गणितावर ६ मिनिटं बसतं. मिळाले तर ४ गुण, गेला पाच प्रश्नांचा वेळ, म्हणजे २० गुणांची संधी. हे त्याला गणित म्हणून कळतं. तरी प्रश्न सोडून देता येत नाही, कारण सोडणं म्हणजे हरणं.

तर पुढच्या चार टेस्टसाठी ठरवायचं: दीड मिनिटात रस्ता दिसला नाही की प्रश्नाला खूण करून पुढे. टेस्टच्या आधी भाकीत लिहायचं: “सोडला तर डोक्यात तोच फिरत राहील आणि पुढचे दहा चुकतील. खात्री ८० टक्के.” टेस्टनंतर उत्तरतालिकेवरून पुढचे दहा मोजायचे आणि भाकितासमोर आकडा लिहायचा. एका टेस्टवर काही ठरवायचं नाही. पहिल्या वेळी मूल इतकं घाबरलेलं असतं की गुण खाली येऊही शकतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर पहिल्याच रविवारी प्रयोग बंद पडतो.

पसंतीवाल्यांचा प्रयोग वेगळा. आठवड्यात एक खरा, एका वाक्याचा डाउट सर्वांसमोर विचारायचा आणि किती जणांनी मागे वळून पाहिलं ते मोजायचं. सुरुवात टोमणे न मारणाऱ्या शिक्षकांच्या तासाला. टोमणे मारणाऱ्यांकडे पहिलाच डाउट विचारला तर भाकीत खरं ठरेल, आणि त्यात मुलाची काही चूक नसेल.

अजून एक. “ही धारणा सोडली तर माझा अभ्यासच सुटेल” ही भीती बहुतेक मुलं बोलत नाहीत पण धरून असतात. म्हणून आधी तिचाच हिशेब मांडायचा. चार रंगांच्या पेनांनी तिसऱ्यांदा उतरवलेल्या नोट्स, ‘परफेक्ट’ टाइमटेबल बनेपर्यंत न उघडलेलं पुस्तक, तयारी पूर्ण नाही म्हणून बुडवलेली टेस्ट: हट्टाने अभ्यास वाढवला की खाल्ला? उंच ध्येय तसंच राहू द्या. ध्येयाला बांधलेली किंमत तेवढी सोडवायची आहे.

वर्गाच्या_मागून:

सगळं पोरांच्याच डोक्यात आहे असं धरून चाललंय, म्हणून लिहितो. “अमुक गुण नाही तर तू कोणी नाही” हे वाक्य पोरांनी स्वतः तयार केलेलं नाही. निकालाचे फ्लेक्स, आईबाबांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली रँकची यादी, दर महिन्याला गुणांवरून वरखाली होणाऱ्या बॅचेस. आठवड्यातून एकदा ४० मिनिटं ‘च’ पुसायचा आणि उरलेले सहा दिवस तोच ‘च’ भिंतीवर रंगवायचा, याला अर्थ नाही.

प्राचार्यांना आकडा हवा आहे ना? त्यांना हा द्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभर लागू होणाऱ्या मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गुणांवरून बॅचेस वेगळ्या पाडणं, जाहीर अपमान, झेपणार नाहीत अशी लक्ष्यं देणं टाळायचं, आणि यात कोचिंगही आलं. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. मदतवाहिनीचे क्रमांक होस्टेल, वर्ग, वेबसाइटवर ठळक अक्षरात. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांप्रमाणे कोचिंगचे वर्ग दिवसाला ५ तासांहून जास्त नकोत. तुमच्या मुलांचं वेळापत्रक काढून त्याशेजारी ठेवा.

एवढं मोठं हलत नसेल तर लहान गोष्टी लगेच होतात. पेपर देताना घडी घालून, गुण आतल्या बाजूला. गुण मोठ्याने वाचणं बंद. पेपर हातात पडला की दहा मिनिटं फक्त चुकांची वाटणी: ‘येतच नव्हतं’, ‘येत होतं पण घाईत गेलं’, ‘तिथपर्यंत पोचलोच नाही’. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे १, २ किंवा ३ लिहायचं. ‘मी ढ आहे’ या एका ढिगाऱ्याचे तीन ढीग होतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा निघतो. धारणांबद्दल एक शब्द न बोलता धारणेवर काम होतं.

शिक्षकांचेही ‘च’ असतात. “माझ्या विषयात कोणी नापास होताच कामा नये” असं धरून बसलेले सर पेपर परत देताना सगळ्यात जास्त बोलतात. त्यांना पोरांचा राग नसतो, स्वतःचीच भीती असते. प्रशिक्षणाच्या दोनपैकी एक सत्र शिक्षकांच्या स्वतःच्या पाच वाक्यांवर घ्या. पहिल्यांदा कोणी लिहिणार नाही, चहानंतर लिहितात.

संविधान_चौकाजवळून:

‘दृष्टिकोन बदला’ हे वाक्य कोणाला म्हणून राहिलो आहोत तेही बघा, बाप्पा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, टिनाच्या छपराची खोली, मेसचे पैसे थकलेले, घरमालक दारात. त्या पोट्ट्याला झोप येत नाही हे धारणेमुळे नाही. आडनाव ऐकून “कोणत्या कोट्यातून?” विचारलं जातं त्या मुलीची “मला इथे कोणी आपलं मानत नाही” ही धारणा नव्हे, निरीक्षण आहे. तिला बाणाचे कागद भरायला लावणं म्हणजे त्रास तिचाच ठरवणं. तिथे तक्रार करायची असते, आणि ती समुपदेशकाने सोबत राहून करायची.

म्हणून बसल्या-बसल्या पहिला प्रश्न हा विचारा: “ही अडचण उद्या सुटली, तर हा त्रास उरेल का?” उरणार नसेल तर आधी अडचण. उरणार असेल तर धारणा. पुष्कळदा दोन्ही असतं, पण क्रम हाच.

कामाची माहिती: अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृह मिळालं नसेल तर स्वाधार योजनेतून निवास-भोजनाची रक्कम थेट खात्यात मिळते, अर्ज समाजकल्याणकडे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर. बँक खातं आधारशी जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकणं ही नेहमीची भानगड, आधी ते तपासा. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती संस्था आपल्या नागपुरातच आहे, नीट-जेईई-सीईटीचं मोफत प्रशिक्षण देते. समुपदेशकाच्या टेबलावर या तीन गोष्टींचा एक कागद असलाच पाहिजे. (हा ‘च’ मी पुसणार नाही.)

मोजपट्टी:

संविधान_चौक, पहिला प्रश्न घेतला. माझ्याकडून राहिलाच होता.

पुढे कधी पाठवायचं ते लिहितो. मोजायचंच असेल तर सगळ्यांची धारणा मोजू नका, तुमच्याकडे आलेल्यांची लक्षणं मोजा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या लक्षणांच्या प्रश्नावलीत ९ प्रश्न आहेत, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज ० ते २७. मराठी रूप उपलब्ध आहे आणि वापरायला फी नाही. १० किंवा वर आले तर सविस्तर मुलाखत आणि डॉक्टरांचा विचार, २० किंवा वर आले तर तीव्र समजतात. पण बेरजेच्या आधी नववा प्रश्न बघायचा, कारण तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ० सोडून काहीही असेल तर त्याच दिवशी, ते मूल इमारतीतून बाहेर पडायच्या आत बोलायचं. म्हणून हा फॉर्म शनिवारी दुपारी शेवटच्या तासाला भरून घेऊन सोमवारी वाचणं हे सगळ्यात घातक. त्याच दिवशी वाचायला माणूस नसेल तर वाटूच नका.

थेट विचारायला घाबरू नका. “कधी जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते ठरवलंयस का? ते सामान जवळ आहे का?” विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट एकटेपणा कमी होतो. बेत आणि साधन दोन्ही असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही, साधन खोलीतून काढायला घरमालकाला किंवा वॉर्डनला सांगायचं, पालकांना बोलवायचं आणि कोणीतरी मोठ्याने सोबत जाऊन दवाखान्यात पोचवायचं. चिठ्ठी देऊन “जाऊन ये” नाही.

नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) आणि मिहानच्या एम्सला मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, पण शहर अजून त्या चौकाला पागलखाना चौक म्हणतं. पालकांसमोर पहिलं नाव ते घेतलंत तर पुढचं ते ऐकत नाहीत. आधी मेडिकलची ओपीडी सुचवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलाला नुसता क्रमांक देण्यापेक्षा एकदा तुमच्या खोलीत बसून लावून द्या.

बेत नाही, पण दोन आठवड्यांहून जास्त झोप मोडलेली, जेवण सुटलेलं, आवडीचं काही उरलेलं नाही, तर तिथे ‘च’ पुसत बसू नका. तीव्र नैराश्यात माणूस वाद घालायच्या अवस्थेत नसतो. आधी उपचार, दोन-चार आठवड्यांनी डोकं थोडं मोकळं झालं की मग कागद.

सावळी_पाटी:

खूप आभार सगळ्यांचे. शनिवारची प्रश्नावली रद्द. चुकांच्या १-२-३ वाटणीसाठी केमिस्ट्रीच्या मॅडम लगेच तयार झाल्या, त्या त्यांच्या तुकडीपासून सुरू करतील. वेळापत्रकाचा कागद आणि न्यायालयाच्या सूचना प्राचार्यांसमोर ठेवणार आहे.

दोन गोष्टी राहिल्या. मुलाने सांगितलेलं पालकांना किती सांगायचं? आणि आई-बाबाच फोनवर रोज “किती आले?” एवढंच विचारत असतील तर?

खालची_पायरी:

पहिलं. मुलं १८ च्या आतली, त्यामुळे पालकांची संमती वर्षाच्या सुरुवातीला प्रवेशाच्या वेळीच लेखी घेऊन ठेवा, आणि प्रत्येक मुलाची तोंडी वेगळी. पहिल्या भेटीत, त्याने तोंड उघडायच्या आधी, सांगायचं: “इथलं बोलणं इथेच राहील. तीन वेळा राहणार नाही: तुझ्या जिवाला धोका असला, तुझ्यामुळे दुसऱ्याला असला, किंवा कोणी तुझं शोषण करत असलं.” लैंगिक शोषणाची गोष्ट कळली तर पॉक्सोखाली कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तिथे आपली मर्जी चालत नाही. हे नंतर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. बाकी काय सांगायचं ते मुलाला विचारून, शक्यतो त्याच्या समोरच फोन लावून.

दुसरं. पालकांना “दबाव टाकू नका” म्हणून काही होत नाही. त्यांना वाटतं आपण दबाव टाकतच नाही, फक्त विचारतो. त्यांना दुसरं वाक्य हातात द्या. रविवारी रात्री “किती आले?”च्या जागी “जेवला का? पेपर कसा वाटला?” आणि गुण त्याने स्वतः सांगितले तरच. महिनाभर. वडिलांना हे अवघड जातं, कारण फोनवर दुसरं बोलायची सवयच नसते, म्हणून विषयही सुचवा: घरची म्हैस, शेत, धाकट्या बहिणीची शाळा. हसू नका, “किती आले”नंतर दोन्हीकडची शांतता हेच मुलाला सगळ्यात जास्त टोचतं.

वर्गाच्या_मागून:

आणि कागदांचं काय करणार ते आत्ताच ठरवा. बाणांचा कागद मुलाचा, तो त्यालाच द्यायचा. खोलीत तिघं राहतात म्हणून नको म्हणाला तर तुमच्याकडे. तुमच्या नोंदींवर नाव न लिहिता क्रमांक घाला, क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत. कपाटाला कुलूप, किल्ली तुमच्याजवळ. स्टाफरूमच्या खिळ्यावर टांगायची नाही. तिथून ती पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलच्या जर्नल्स काढायला कोणीतरी नेतं.